बाहेरगावची ऑर्डर आणि लेन्सची शोधाशोध

व्हिडिओ शूटिंगच्या धंद्यात उतरणाऱ्या तरुणाला कॅमेरा कोणता घ्यावा, हे सांगणारे दहा जण भेटतात. लेन्सबद्दल मात्र सहसा कोणी बोलत नाही. कॅमेऱ्याबरोबर जी आली ती लेन्स, एवढ्यावर विषय संपतो. गावातल्या गावात निकाह, वलिमा, शाळेचे गॅदरिंग अशी कामे करेपर्यंत त्यावाचून अडतही नाही. अडते ते बाहेरगावी. ऑर्डर रत्नागिरीची, मिरजेची, बेळगावची किंवा थेट मुंबईची असते, पार्टीने बयाणा दिलेला असतो, आणि जागेवर पोचल्यावर कळते की खोली इतकी लहान आहे की निम्मी माणसे चौकटीबाहेर राहतात. नाहीतर स्टेज इतके लांब की नवरदेव अंगठ्याएवढा दिसतो. लग्न काही पुन्हा लागत नाही. बयाणा परत द्यावा लागतो आणि त्या गावातली पुढची चार कामे जातात, ती वेगळीच.

म्हणून आज हा विषय जरा सविस्तर घेतला आहे. आपल्यातील अनेक तरुण या धंद्यात आहेत. शिवाय स्वतःच्या मालाची फिल्म काढून घेऊ पाहणाऱ्या कारागिरांनाही यातले थोडेफार माहीत असलेले बरे.

कोल्हापूरकरांना हे नवे नाही

सामान कोठून आणायचे, हा प्रश्न कोल्हापुरात कॅमेऱ्याइतकाच जुना आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले ते सामानासाठीच. तेथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन ते परतले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी दुसरा रस्ता धरला. कॅमेरा येथेच घडवायचा, असे त्यांनी ठरवले. १९१६ मध्ये आनंदराव वारले. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये आला. एकाने प्रवास करून वस्तू आणली, दुसऱ्याने घरी घडवली. आजही लेन्सच्या बाबतीत हेच दोन रस्ते आहेत. कोणती वस्तू घरी घडते आणि कोणती घडत नाही, एवढे ओळखता आले म्हणजे पुष्कळ पैसे वाचतात. ते पुढे येईलच.

निघण्यापूर्वी एक साधे गणित

पार्टीला पहिला प्रश्न पैशाचा न विचारता जागेचा विचारावा. कॅमेरा आणि माणूस यांत अंतर किती? खोलीची लांबी-रुंदी किती? एवढे कळले की कागदावर हिशेब होतो. अंतराला कॅमेऱ्यातील सेन्सरच्या रुंदीने गुणावे आणि लेन्सच्या फोकल लांबीने भागावे. जे उत्तर येईल तेवढ्या रुंदीचे दृश्य चौकटीत मावते.

खांद्यावरच्या व्यावसायिक कॅमेऱ्यात बहुधा दोन-तृतीयांश इंचाचा सेन्सर असतो. त्याची रुंदी रुंद पडद्यासाठी सुमारे ९.६ मिलिमीटर धरा. लेन्सवर २० × ८ असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ, सर्वांत कमी फोकल लांबी ८ मिलिमीटर आणि झूम वीसपट, म्हणजे १६० मिलिमीटरपर्यंत. आता खोलीत तुम्ही तीन मीटर मागे सरकू शकता असे समजा. ३ गुणिले ९.६ भागिले ८, म्हणजे ३.६ मीटर. दहा-बारा फूट रुंदीची जागा मावली. त्याच लेन्सपुढे ०.८ चा वाइड कन्व्हर्टर लावला तर ८ चे ६.४ होतात आणि दृश्य साडेचार मीटरचे होते. खोली लहान असेल तर एवढ्या फरकात सात-आठ पाहुणे आत येतात.

लांबचे काम उलटे. खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांच्या काळातले, १९१२ चे. तेथे चाळीस मीटरवरून कुस्ती टिपायची आहे. त्याच लेन्सचा १६० चा शेवट लावला तर ४० गुणिले ९.६ भागिले १६०, म्हणजे २.४ मीटर. दोन्ही पैलवान चौकटभर दिसतील. आता मोठ्या सेन्सरचा, ३६ मिलिमीटर रुंदीचा फुल फ्रेम कॅमेरा घ्या. तेवढेच दृश्य हवे असेल तर ६०० मिलिमीटरची लेन्स लागेल. ती वजनाला, किमतीला आणि भाड्याला कुठल्या कुठे जाते. हल्ली पुष्कळ जण मोठ्या सेन्सरचे कॅमेरे घेतात. चित्र देखणे येते, यात शंका नाही. पण कुस्ती, मिरवणूक, सभा ही कामे करणाऱ्याने जुना खांद्यावरचा कॅमेरा घाईने विकू नये, असे आमचे मत आहे.

अनेक झूम लेन्सवर एक खटका असतो, १एक्स आणि २एक्स असे लिहिलेला. तो दाबला की फोकल लांबी दुप्पट होते. हे फुकट मिळत नाही; उजेड एक-चतुर्थांश उरतो. उन्हात चालते, रात्रीच्या मांडवात चित्र काळवंडते.

तोंड जुळले पाहिजे

लेन्स भाड्याने घेणाऱ्याची सर्वांत मोठी फसगत माउंटवर होते. माउंट म्हणजे लेन्सचे मागचे तोंड आणि कॅमेऱ्याचा त्याला बसणारा गाळा. नुसते ‘सोनीची लेन्स हवी’ म्हणून दुकानात गेले तर दुकानदारही गोंधळतो, कारण एकाच कंपनीची तोंडे अनेक असतात. दोन-तृतीयांश इंचाच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्यांना बी-४ माउंट असते. त्यासाठी मुख्यतः कॅनन आणि फुजिनॉन या दोन कंपन्यांच्या लेन्स बाजारात सापडतात. फुजिनॉनच्या नावात ‘ए’ हे अक्षर दोन-तृतीयांश इंचासाठी आणि ‘एस’ हे अर्ध्या इंचासाठी असते. अर्ध्या इंचाची लेन्स स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नये. मोठ्या सेन्सरवर तिचे कोपरे काळे पडतात, आणि तोंडही निराळेच असते. सिनेमाच्या लेन्सना पीएल माउंट. फोटोच्या लेन्सना कॅननचे ईएफ, निकॉनचे एफ, सोनीचे ई, अशी वेगवेगळी.

माउंटच्या पृष्ठभागापासून सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक माउंटला ठरलेले आहे. पीएलचे ५२ मिलिमीटर, बी-४ चे ४८, निकॉन एफचे ४६.५, कॅनन ईएफचे ४४ आणि सोनी ईचे अवघे १८. हे आकडे वहीत लिहून ठेवण्यासारखे आहेत. ज्या लेन्सचे अंतर जास्त ती कमी अंतराच्या कॅमेऱ्याला मधली नळी लावून बसते. ईएफ लेन्स सोनी ई कॅमेऱ्यावर चढवायची तर ४४ वजा १८, म्हणजे २६ मिलिमीटरची नळी. उलट बाजूने, सोनी ईची लेन्स ईएफ कॅमेऱ्यावर नुसत्या नळीने कधीच बसणार नाही. नळी उणे लांबीची कशी करणार?

बी-४ लेन्सचे आणखी एक दुखणे आहे. ती तीन चिपच्या कॅमेऱ्यासाठी, आतल्या काचेच्या लोलकाचा हिशेब धरून बनवलेली असते. एका चिपच्या कॅमेऱ्यावर नुसत्या नळीने चढवली तर उजळ कडांना रंगीत किनार येते आणि चित्रही सगळा सेन्सर भरत नाही, कारण तिच्या चित्राचे वर्तुळ जेमतेम ११ मिलिमीटरचे. सुपर-३५ सेन्सर भरायचा तर ते अडीचपट फुगवावे लागते. त्यासाठी आत काच असलेला अडॅप्टर लागतो आणि उजेड सुमारे साडेसहा पटींनी घटतो. म्हणून दुकानदार ‘चालतंय की’ म्हणाला तरी आपल्या कॅमेऱ्यावर, अंधाऱ्या कोपऱ्यात चालवून दाखवायला सांगावे.

उद्यमनगरात काय होते, काय होत नाही

ज्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स निघतच नाही, त्यांचा मार्ग सोपा. पुढच्या आट्यांवर कन्व्हर्टर किंवा क्लोजअप काच बसवायची. फक्त आट्याचा व्यास माहीत हवा. एके काळी लग्नाच्या मांडवात सर्रास दिसणाऱ्या सोनी पीडी-१७० चे आटे ५८ मिलिमीटरचे होते, झेड-१ चे ७२, पॅनासॉनिक एचव्हीएक्स-२०० चे ८२. आपल्या कॅमेऱ्याचा आकडा लेन्सच्या कडेवर किंवा पुस्तिकेत सापडेल. कन्व्हर्टर ७२ चा आणि कॅमेरा ५८ चा असेल तर मधे रिंग लागते, आणि ऐनवेळी नेमकी तीच मिळत नाही.

येथे आपले शिवाजी उद्यमनगर कामाला येते. अशी रिंग ॲल्युमिनियमची, दोन्ही बाजूंना आटे पाडलेली. आट्यांचा पिच बहुधा ०.७५ मिलिमीटर. चांगल्या टर्नरला हे अर्ध्या दिवसाचे काम. बाहेरगावी असाल तरी लेथ कोठेही सापडते. आतली बाजू काळी करून घ्यावी, नाहीतर चकाकी चित्रात उतरते. एवढी मात्र खबरदारी घ्यावी की लहान तोंडाची काच मोठ्या लेन्सपुढे लावू नये. कोपरे कापले जातात.

माउंट मात्र लेथवर करायच्या नादी लागू नये. साधा हिशेब पाहा. लेन्सचे छिद्र एफ-२ वर उघडे असेल आणि चित्रात शंभरावा भाग मिलिमीटर एवढीच अस्पष्टता खपवून घ्यायची असेल, तर माउंटपासून सेन्सरचे अंतर वीस मायक्रॉनच्या पलीकडे चुकून चालत नाही. उद्यमनगरातील कारागिराला वीस मायक्रॉन म्हणजे काय हे सांगायला नको. तेवढी अचूकता तो देऊही शकेल, पण एका नगासाठी होणारा खर्च तयार अडॅप्टरपेक्षा जास्त होतो. शिवाय फोटोच्या आणि सिनेमाच्या नव्या लेन्सना विजेच्या पिना असतात, त्याचे काय करणार?

कारागिरांसाठी जवळची लेन्स

हुपरीची चांदी, मिरजेची सतार, जरीकाम यांची फिल्म काढायची तर काम अगदी जवळून करावे लागते. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फरीदसाहेब सतारमेकरांपासून चालत आलेला हा शिकलगार घराण्यांचा कसब. भोपळ्यावरची नक्षी आणि तारांखालची जवारी दाखवल्याशिवाय त्याची फिल्म पुरी होत नाही.

यासाठी महागडी मॅक्रो लेन्स लागतेच असे नाही. स्क्रूने बसणारी क्लोजअप काच खिशात मावते. +१ ची काच लावली तर लेन्स दूरवर लावलेल्या फोकसला एक मीटरवरची वस्तू स्पष्ट दाखवते, +२ ची पन्नास सेंटिमीटरवरची, +४ ची पंचवीस. चष्म्याच्या नंबरासारखाच हा हिशेब आहे. एका काचेची स्वस्त मिळते, पण कडांना रंग फुटतो; दोन काचा चिकटवून केलेली घ्यावी. प्रवासात ही एक वस्तू बॅगेत असली तर निम्म्या अडचणी सुटतात, असे म्हणायला हरकत नाही.

काहींनी जाहिरातींत लांब नळीसारखी लेन्स पाहिली असेल. लाओवा कंपनीची २४ मिलिमीटरची प्रोब लेन्स त्यातलीच. सुमारे चाळीस सेंटिमीटर लांब, आणि वस्तू टोकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर असली तरी दिसते. सतारीच्या तारांमधून किंवा पैंजणाच्या घुंगरांमधून कॅमेरा फिरतो आहे असे वाटते. मागणी वाढल्यापासून ती मोठ्या शहरांत भाड्याने मिळते. पण तिचे सर्वांत मोठे छिद्र एफ-१४. एफ-२.८ च्या लेन्सपेक्षा पंचवीस पट उजेड लागतो. कारागिराच्या घरात एवढे दिवे लावायला जागा आणि वीज आहे का, ते आधी पाहावे. चांदीवर तर इतका प्रखर दिवा मारला की चमकेशिवाय काही दिसत नाही. पांढरे कापड मधे धरून उजेड मऊ करावा लागतो.

उलट प्रकार मशिदीतील निकाहचा. तेथे पुढे जाऊन गर्दी करणे शोभत नाही. इमामसाहेबांची आणि जमातीची परवानगी घ्यावी, कॅमेरा मागच्या खांबापाशी उभा करावा आणि लांब लेन्सवर काम भागवावे. अंबाबाईच्या किरणोत्सवाला, म्हणजे नोव्हेंबरच्या ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला, वृत्तवाहिन्यांच्या कॅमेरामनचीही तीच अडचण असते. अंधारा गाभारा, मिनिटांचा खेळ, आणि पुढे सरकायला जागा नाही. अशा ठिकाणी लांब असूनही उजळ लेन्स लागते, आणि तीच सर्वांत दुर्मिळ. अशी ऑर्डर असेल तर आठवडाभर आधी लेन्स राखून ठेवावी.

मिळते कुठे

मुंबईत दोन ठिकाणे माहीत असावीत. कोटातील बोरा बाजार छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चालत काही मिनिटांवर आहे. तेथे फोटो-व्हिडिओच्या सामानाची दुकाने एकमेकांना लागून आहेत. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडणाऱ्याला हा बाजार सोयीचा. रिंगा, काचा, कन्व्हर्टर, जुन्या लेन्स येथे पाहाव्यात. भाड्याने देणारे मात्र बहुतेक अंधेरी पश्चिमेच्या बाजूला, चित्रपटधंद्याच्या सावलीत आहेत. दिल्लीत चांदणी चौकातील कूचा चौधरी हा फोटोच्या सामानाचा बाजार. चेन्नईत कोडंबाक्कम-वडपळणी, हैदराबादेत फिल्मनगर. अनोळखी शहरात हाच नियम धरावा. विकत घ्यायचे तर जुन्या बाजारपेठेत जा, भाड्याने घ्यायचे तर स्टुडिओच्या वस्तीत.

चोर बाजारातही लेन्स सापडतात. हौसेला ठीक, ऑर्डर तोंडावर असताना तेथे जाऊ नये.

मोठ्या शहरापर्यंत जाण्याआधी जवळ विचारावे. मोरेवाडीच्या चित्रनगरीत मालिका-चित्रपटांची युनिटे येतात. त्यांचे सामान त्यांच्याच कामापुरते असते, पण कॅमेरा असिस्टंटला कोणाकडे काय मिळते हे दुकानदारापेक्षा जास्त ठाऊक असते. छोट्या गावात मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाला विचारावे की येथे नेहमी शूटिंग कोण करतो. धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला एका दिवसासाठी लेन्स देणे नवे नाही. भाडे आणि अनामत आधी ठरवली की दोघांनाही संकोच राहत नाही. फोनवर विचारताना कॅमेऱ्याचे पूर्ण मॉडेल, माउंट, कामाची तारीख आणि झूम सर्व्हो चालणारा हवा की हाताने चालेल, या चार गोष्टी पहिल्याच वाक्यात सांगाव्यात.

ताब्यात घेताना

घाईत लेन्स बॅगेत टाकून निघू नये. आपला कॅमेरा बरोबर नेऊन तेथेच लावावी. टॉर्च मागून पाडून पुढून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. धुरकट पडदा दिसला तर चित्र फिके येणार. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा फारसा नडत नाही. मागच्या काचेवरचा नडतो. छिद्राच्या पाकळ्यांवर तेल आहे का, सर्व्होने झूम एकसारखा सरकतो का, ऑटो आयरिस चालतो का, ते पाहावे.

बी-४ लेन्स असेल तर बॅक फोकस तेथेच जुळवून घ्यावा. नव्या कॅमेऱ्यावर चढवलेली लेन्स जवळ झूम केल्यावर स्पष्ट आणि मागे आल्यावर पुसट, असे होते ते याच्यामुळे. तीन मीटरवर चांदणीच्या आकाराचा तक्ता लावावा, मॅक्रो बंद, खटका १एक्सवर, छिद्र पूर्ण उघडे. झूम पूर्ण पुढे नेऊन पुढच्या कड्याने फोकस करावा. मग झूम पूर्ण मागे आणून ‘एफबी’ लिहिलेल्या कड्याचा स्क्रू सैल करून चित्र स्पष्ट होईपर्यंत ते फिरवावे. हे दोन-तीनदा करावे आणि स्क्रू आवळावा. पाच मिनिटांचे काम आहे. स्टेजवर निकाह सुरू असताना हे करता येत नाही.

पावतीवर लेन्सचा सीरियल नंबर, पुढचे-मागचे झाकण, हूड, पेटी, आधीचे ओरखडे हे सर्व लिहून घ्यावे. अनामत किती आणि कोणत्या कारणाने कापली जाईल, हेही त्याच कागदावर. भाडे नेल्याच्या दिवसापासून की कामाच्या दिवसापासून, यावर नेहमी वाद होतो. कोल्हापूरच्या माणसाचे जाण्यायेण्यात दोन दिवस मोडतात, तेव्हा ते आधीच बोलून घ्यावे. दुसऱ्याची वस्तू ही अमानत आहे, ती लक्झरी बसच्या डिकीत पार्सल म्हणून न टाकता मांडीवर घेऊन आणावी. बेळगाव किंवा गोव्याकडे जाताना राज्याची हद्द ओलांडावी लागते, म्हणून डिलिव्हरी चलन जवळ असावे. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी ई-वे बिलाचे आपल्या हिशेबनिसाला विचारून ठेवावे.

आखातातील ऑर्डर असेल तर निघतानाच विमानतळावरील कस्टमकडून सीरियल नंबरासह एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यावे, म्हणजे परतताना आपलीच लेन्स आयात ठरत नाही. सामान जास्त असेल तर फिक्कीमार्फत मिळणारा एटीए कार्नेट हा मार्ग आहे. संयुक्त अरब अमिरातींत तो चालतो.

पावसाळ्यात कोकणात उतरलात तर एसीच्या गाडीतून लेन्स थेट दमट हवेत काढू नये. काचेवर दव धरते. बंद प्लॅस्टिक पिशवीत ठेवून अर्धा-पाऊण तास हवेला सरावू द्यावी. परतल्यावर ओली पेटी तशीच बंद करू नये. फोम वाळवावा, सिलिका जेलच्या पुड्या बदलाव्यात, आणि भाड्याची लेन्स दुकानात देताना पुन्हा एकदा टॉर्च मारून दोघांनी मिळून पाहावी.